‘त्याला पुढे जाऊ दे’: टीम ऑर्डर कधी मानायची?

सागरतीर (हर्णै)

मंडळी, फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत अबूधाबी झाली, २०२५ चा सीझन संपला, मॅक्लारेनचा नॉरिस जगज्जेता झाला. तरी माझ्या डोक्यातून इटलीतली मोंझाची शर्यत आणि तिथली टीम ऑर्डर, म्हणजे संघाने आपल्याच एका ड्रायव्हरला दुसऱ्यासाठी जागा सोडायला सांगणं, काही जात नाही. म्हणून हा धागा.

आधी आकडे बघा. सीझनअखेरचे गुण: नॉरिस ४२३, रेड बुलचा वेर्स्टापेन ४२१, नॉरिसचाच संघातला जोडीदार पियास्त्री ४१०. आता सप्टेंबर २०२५ ची मोंझाची शर्यत आठवा. वेर्स्टापेन पुढे निघून गेलेला, मागे नॉरिस दुसरा आणि पियास्त्री तिसरा. मॅक्लारेनने पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) आधी पियास्त्रीला बोलावलं, कारण मागून फेरारीच्या लेक्लेर्कची भीती होती. नॉरिसला सांगितलं, काळजी नको, तुझी जागा जाणार नाही. नॉरिस आत आला तर त्याचं एक चाक बसेना, जवळजवळ सहा सेकंद तिथेच गेले आणि बाहेर पडेपर्यंत पियास्त्री पुढे. मग रेडिओवरून पियास्त्रीला निरोप आला की जागा परत दे. तो म्हणाला, पिट स्टॉप लांबला तर तो शर्यतीचाच भाग असं आपलं ठरलं होतं ना, मग आता काय बदललं? पण तुम्ही म्हणत असाल तर देतो. आणि दिली.

दुसऱ्याला १८ गुण, तिसऱ्याला १५. ती अदलाबदल झाली नसती आणि बाकी सगळं जसंच्या तसं घडलं असतं, तर नॉरिस ४२० वर अडकला असता आणि वेर्स्टापेन ४२१ गुणांवर पाचव्यांदा जगज्जेता झाला असता. ज्याने जागा दिली तो त्या दिवशी स्वतः गुणतक्त्यात पहिला होता, हे विसरू नका.

माझं म्हणणं एवढंच की टीम ऑर्डर असावी. एका संघाच्या दोन गाड्या आहेत, तर संघाला स्वतःचं हित बघू द्या. पण जे काही असेल ते दिवे विझण्याआधी, म्हणजे शर्यत सुटण्याआधी, ठरलेलं असावं आणि दोन्ही ड्रायव्हरना सारखंच कळलेलं असावं. शर्यत चालू असताना नवा हुकूम काढला की ड्रायव्हर फसतो आणि बघणाराही फसतो. आमच्याकडे बंदरावरचा माशांचा लिलाव उरकून माणसं साडेसहाला टीव्हीपुढे बसतात, युरोपातली शर्यत तेव्हाच सुरू होते. दोन तास डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि निकाल मात्र पिटच्या भिंतीपलीकडे कानात हेडफोन घातलेला माणूस ठरवणार, याचा मला खरंच राग येतो.

तुम्हाला काय वाटतं?

कातळ (राजापूर)

धागा काढलात हे बरं केलंत, पण तुमचा मधला मार्ग मला पटत नाही. गाडीत एकच माणूस बसतो. ताशी तीनशेच्या वेगात मान त्याची मोडते, जीव त्याचा जातो. आधी ठरवा नाहीतर नंतर, त्याला ‘मागे हो’ सांगण्याचा अधिकार कोणालाच नसावा.

ऑस्ट्रिया, १२ मे २००२. फेरारीचे दोघे, बॅरिकेलो आणि शूमाकर. बॅरिकेलो पोलवर (सुरुवातीला पहिल्या जागी) होता, सगळी शर्यत पुढे होता, शूमाकरला त्याने त्या दिवशी रीतसर हरवलं होतं. शेवटच्या वळणातून बाहेर आला आणि रेषेच्या अलीकडे त्याने पाय काढला. शूमाकर पुढे. स्टँडमधून जी हुर्यो उठली ती मी आजही विसरलेलो नाही. शूमाकरलाही ते गिळवेना, त्याने पोडियमवर बॅरिकेलोला वरच्या पायरीवर उभं केलं. दंड झाला दहा लाख डॉलरचा (निम्मा स्थगित), पण तो कशाबद्दल? पोडियमचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! हुकमाबद्दल शिक्षा करायला तेव्हा नियमच नव्हता.

आणि गरज काय होती? त्याआधीच्या पाचपैकी चार शर्यती शूमाकरनेच जिंकल्या होत्या. त्या वर्षीचं विजेतेपद त्याने जुलैत फ्रान्समध्येच संपवून टाकलं. सहा शर्यती बाकी असताना! त्या चार गुणांशिवाय फेरारीचं काय अडलं होतं, हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही.

२००३ पासून निकाल बदलणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी आली. तिचं काय झालं तेही बघा. हॉकेनहाइम, २५ जुलै २०१०. फेरारीचा फेलिपे मासा पुढे, त्याच संघाचा फर्नांडो अलोन्सो मागे. रेडिओवर मासाचा इंजिनिअर एकेक शब्द तोडून सांगतो, ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे. निरोप कळला का, सांग.’ मासाने वाट दिली. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच तारखेला हंगेरीत बॅरिकेलोच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग मासाच्या हेल्मेटवर आदळली होती आणि तो मरता मरता वाचला होता. त्यातून उठून आलेला माणूस पहिला धावत होता, त्याच्याकडून तेवढं काढून घेतलं. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल तसाच राहिला, आणि २०११ पासून बंदीचा नियमच पुसून टाकला. एवढं करून अलोन्सो त्या वर्षी हरलाच, चार गुणांनी.

पांथस्थ (रत्नागिरी)

कातळ यांना +१.

मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या शर्यतींत, तर तेव्हा रेडिओच नव्हता, तरी हुकूम पोचायचाच. २०१७, सेपांग. डुकाटीचा लोरेन्झो पुढे, डोविझिओसो मागे, आणि मार्केझशी विजेतेपदाची लढाई डोविझिओसोची. लोरेन्झोच्या डॅशवर (समोरच्या स्क्रीनवर) अक्षरं उमटली, ‘सुचवलेलं मॅपिंग ८’. इंजिनाचं मॅपिंग बदलायचा सल्ला वाटेल, पण अर्थ काय ते सगळ्या पॅडॉकला कळलं. शेवटी डोविझिओसो जिंकला. पुढच्या शर्यतीत वॅलेन्सियाला पुन्हा तेच झालं, पण लोरेन्झो हलला नाही. शेवटी दोघंही पडले आणि मार्केझ जगज्जेता झाला.

मला त्या वॅलेन्सियाबद्दल लोरेन्झोचा राग नाही. त्याचं म्हणणं होतं की मी पुढे राहून वेग ओढतोय, त्याचा मागच्याला फायदाच आहे. बाइकवर बसलेल्या माणसाला जे दिसतं ते भिंतीवरून दिसत नाही.

गिअरबॉक्स (चिपळूण)

मी गॅरेजवाला आहे, म्हणून जरा दुसऱ्या बाजूने.

ड्रायव्हर दिसतो म्हणून आपण ड्रायव्हरचं बोलतो. पण संघाला बक्षिसाचा पैसा ड्रायव्हरच्या विजेतेपदावर मिळत नाही, कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे संघांच्या, क्रमवारीवर मिळतो. दोन गाड्यांचे गुण एकत्र. फॅक्टरीत शेकडो माणसं रात्रपाळी करून फ्लोअर बनवतात, फ्रंट विंग बनवतात. दोघे ड्रायव्हर एकमेकांना धडकले तर त्या सगळ्यांची मेहनत खडीत जाते.

आपल्याला जवळचं उदाहरण देतो. फोर्स इंडिया. कारखाना सिल्वरस्टोनला असला तरी लायसन्स भारताचं होतं. २०१७ साली गाडीत पेरेझ आणि ओकोन. कॅनडात ओकोनकडे ताजे टायर होते, पेरेझला सांगितलं की याला पुढे सोड, रिकार्डोला गाठतो का बघू. पेरेझने सोडलं नाही. पाचवा-सहावा आले, पोडियम गेला. पुढची शर्यत बाकू. त्या दिवशी हॅमिल्टन आणि व्हेटेल दोघांचीही शर्यत बिघडली होती, विल्यम्सचा स्ट्रोल तिसरा आला, म्हणजे फोर्स इंडियाला केवढी संधी होती! तिथे हे दोघे एकमेकांवर आदळले. मग बेल्जियमची स्पाची शर्यत. तिथे तर एकाच शर्यतीत दोनदा. त्यानंतर संघाने जाहीर केलं, बस, आता मोकळं रेसिंग बंद, भिंतीवरून सांगू तसं चालवायचं. वर्षाअखेर चौथा क्रमांक टिकला, १८७ गुण. कातळदादा, तुमच्या नियमाने गेले असते तर अजून किती गाड्या फोडल्या असत्या?

आणि पिटची गोष्ट. बरेच जण विचारतात की मागच्याला आधी का बोलावतात. दोन गाड्यांना टायर बदलणारी माणसं एकच. दोघांना एकदम बोलावलं तर दुसरा मागे रांगेत उभा राहतो. शिवाय ताजा टायर पहिल्याच फेरीत सेकंद-दीड सेकंद जास्त पळतो. म्हणजे जो आधी आत येईल तो बहुतेक वेळा पुढे निघतो. म्हणून पद्धत अशी की आधी हक्क पुढच्याचा. पण मागच्यावर कोणी तिसरा चालून येत असेल तर त्याला आधी घ्यावं लागतं, आणि मग आपल्याच पुढच्या ड्रायव्हरची जागा जाते, त्याची काही चूक नसताना.

हंगेरी २०२४ ला नेमकं हेच झालं, फक्त नावं उलटी. पियास्त्री पुढे होता, हॅमिल्टनच्या भीतीने नॉरिसला आधी बोलावलं, नॉरिस पुढे गेला. कितीतरी फेऱ्या त्याचा इंजिनिअर त्याला विनवत होता. म्हणाला, एकट्याने विजेतेपद मिळत नसतं, तुला ऑस्कर (पियास्त्री) लागेल, संघ लागेल. अगदी शेवटच्या फेऱ्यांत नॉरिसने पाय काढला आणि पियास्त्रीने फॉर्म्युला वनमधली पहिली ग्रां प्री जिंकली. आता सांगा, त्या दिवशी नॉरिसने ऐकलं नसतं, तर पुढच्या वर्षी मोंझाला पियास्त्रीने ऐकलं असतं का?

सागरतीर (हर्णै)

गिअरबॉक्स, पिटचं एवढं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आभार.

हंगेरी मला मान्य. तिथे जागा पिटच्या क्रमामुळे गेली होती, तो क्रम संघाने बदलला होता, तो संघानेच परत केला. मोंझाला जागा गेली ती चाक बसवताना झालेल्या घोळामुळे. इंजिन बंद पडलं असतं तर? पंक्चर झालं असतं तर? तेही भरून दिलं असतं का? पियास्त्रीचा प्रश्न अगदी बिनतोड होता.

मलेशिया २०१३ पण या धाग्यात हवं. वेबर पुढे, व्हेटेल मागे, शेवटचे पिट स्टॉप झालेले. रेड बुलचा ठरलेला संकेत होता ‘मल्टी २१’, म्हणजे दोन नंबरची गाडी पुढे, एक नंबरची मागे. त्या वर्षी वेबरच्या गाडीचा नंबर २, व्हेटेलचा १. वेबरने शब्दावर विसंबून इंजिन कमी केलं. व्हेटेलने नाही केलं. चाकाला चाक लावून पुढे गेला आणि जिंकला. पोडियमच्या मागच्या खोलीत वेबर त्याला एवढंच म्हणाला, ‘मल्टी २१, सेब.’ त्याच शर्यतीत मर्सिडीजने रॉसबर्गला हॅमिल्टनच्या मागे राहायला सांगितलं. रॉसबर्ग वेगात होता, पुन्हापुन्हा विचारत होता, तरी मागे राहिला. चौथा आला.

एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर. कातळ, तुमच्या हिशोबाने व्हेटेल बरोबर आणि रॉसबर्ग चूक. मला ते पचत नाही. समोरच्याने आपल्या शब्दावर इंजिन उतरवलं, तेव्हा त्याच्यावर झेप घेणं याला मी लढत म्हणणार नाही.

कातळ (राजापूर)

रॉसबर्ग चूक असं मी म्हटलेलं नाही. मी म्हणतो, त्याला त्या जागी उभं करणारे चूक. व्हेटेलने शब्द मोडला हे वाईटच. पण तो शब्द मुळात घेतलाच कशाला? दोघांना भांडू द्यायचं होतं.

आणि गिअरबॉक्स, सेन्ना-प्रॉस्टचं मॅक्लारेन घ्या. १९८८ साली १६ पैकी १५ शर्यती त्यांनी जिंकल्या. सेन्ना आठ, प्रॉस्ट सात. मोकळं सोडलं होतं म्हणूनच तो सीझन आज आठवतो. तिथेही बिनसलं कधी? १९८९ ला इटलीत इमोलाला दोघांत करार झाला की सुरुवातीला पहिल्या वळणावर एकमेकांवर हल्ला नको, तेव्हा. शर्यत पुन्हा सुरू झाली, सेन्ना आत घुसला, प्रॉस्ट म्हणाला शब्द मोडला, आणि त्या वर्षी जपानमध्ये सुझुकाला दोघं एकमेकांत अडकूनच थांबले. करार नसता तर मोडायला काही नव्हतं.

खारेवारे (अलिबाग)

इमोलाचं नाव निघालं म्हणून लिहितो. एरवी मी वाचतो फक्त.

तुम्ही सगळे १९८९ चं इमोला सांगताय. मला त्याआधीचं इमोला सांगायचं आहे. २५ एप्रिल १९८२. आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता, हे सगळं मी पुढे वर्षानुवर्षं वाचून जोडलेलं आहे.

संघटनांच्या भांडणात बऱ्याच इंग्रज संघांनी बहिष्कार टाकला होता, ट्रॅकवर जेमतेम चौदा गाड्या. दोन्ही रेनॉ बंद पडल्या आणि फेरारीचे दोघे पहिला-दुसरा राहिले, झिल व्हिलनव्ह आणि दिदिए पिरोनी. समोर इटलीची सगळी जनता. पिटच्या भिंतीवरून पाटी दाखवली, ‘सावकाश’. बस, एवढाच शब्द.

व्हिलनव्हने त्याचा अर्थ घेतला की आहे तो क्रम ठेवून गाड्या घरी आणायच्या. फेरारीत तशीच रीत होती, तो स्वतः १९७९ मध्ये शेक्टरच्या मागे तसाच राहिला होता आणि शेक्टरला जगज्जेता होऊ दिलं होतं. पिरोनीने अर्थ घेतला की इंजिन सांभाळा, पेट्रोल सांभाळा. क्रमाबद्दल पाटीवर काहीच नाही. दोघं पुढेमागे होत राहिले. व्हिलनव्हला वाटत होतं प्रेक्षकांसाठी खेळ चाललाय. शेवटच्या फेरीत पिरोनी तोझाच्या वळणावर पुढे गेला आणि मागे आलाच नाही.

व्हिलनव्ह म्हणाला, या माणसाशी मी पुन्हा बोलणार नाही. बोललाही नाही. तेरा दिवसांनी बेल्जियममध्ये झोल्डरला पात्रता फेरीची शेवटची मिनिटं उरली होती, वेळ पिरोनीची चांगली होती, व्हिलनव्ह शेवटच्या प्रयत्नाला निघाला आणि समोरच्या सावकाश चाललेल्या गाडीवर चढला. त्याच रात्री गेला. बत्तीस वर्षांचा होता.

पिरोनी त्या वर्षी जगज्जेता व्हायच्या वाटेवर होता. ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमला पावसात पाण्याच्या फवाऱ्यात त्याला पुढची गाडी दिसली नाही. दोन्ही पाय गेले म्हणायचे, पुन्हा फॉर्म्युला वनची शर्यत चालवली नाही. ३९ गुणांवर थांबला. ४४ गुणांवर केके रॉसबर्ग जगज्जेता झाला, वर आलेल्या निको रॉसबर्गचा बाप.

पुढे पिरोनी वेगाच्या बोटी चालवू लागला. १९८७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइटजवळ समुद्रात त्याची बोट लाटेवर उडून उलटली आणि तोही गेला. आपण सगळी किनाऱ्यावरची माणसं, पाण्यावर तेवढ्या वेगात लाट म्हणजे काय असते ते मला वेगळं सांगायला नको. त्याच्यामागे त्याच्या जोडीदाराला जुळे मुलगे झाले. तिने नावं ठेवली दिदिए आणि झिल.

त्यातला झिल पिरोनी मर्सिडीजमध्ये इंजिनिअर झाला. २०२० ला सिल्वरस्टोनला हॅमिल्टन शेवटच्या फेरीत फुटक्या टायरवर, तीन चाकांवर जिंकला, त्या दिवशी संघाचा कप घ्यायला पोडियमवर तोच गेला होता.

सागरतीर म्हणतात आधी ठरवावं. बरोबर आहे. पण इमोलाला दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत होतं की आपलं ठरलेलं आहे. ठरवायचं असेल तर तोंडी नको, पाटीवरचा एक शब्द तर नकोच.

पांथस्थ (रत्नागिरी)

काका, जुळ्यांच्या नावाचं माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

रापणकर (मालवण)

माका एक सांगाचा आसा. आमच्याकडे रापण घालतत तेव्हा होडी जाळा घेवन दर्यात अर्धगोल मारता आणि दोनय टोकां किनाऱ्यार येतत. एका दोरार जितकी माणसा, दुसऱ्या दोरार तितकीच. एका बाजून जोर केलो आणि दुसरी बाजू मागे रवली तर जाळा तिरक्या होता आणि मासो सुटता. म्हणान एक जाणतो माणूस हाक मारीत रवता, दोनय बाजूंका तेचा आयकाचाच लागता. तेव्हा हुकूम नको म्हणणाऱ्या कातळभावांचा माका पटणा नाय.

पण वाटो कसो करूचो ता जाळा दर्यात जावच्या आधीच ठरलेला आसता. मासळी बघून कोण वाटो बदलणा नाय. बदललो तर दुसऱ्या दिवशी दोराक हात लावूक माणूस येवचो नाय. मॅक्लारेनवाल्यांनी मोंझाक ह्या केल्यानी. जाळा वर काढल्यार वाटो बदलल्यानी.

गिअरबॉक्स (चिपळूण)

रापणकर, मानलं. फक्त एक. मॅक्लारेनने नॉरिसला त्याच शर्यतीत सांगितलं होतं की तुझी जागा जाणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. म्हणजे त्यांच्याकडे दोन शब्द होते, एक नॉरिसला दिलेला आणि एक आधी दोघांना मिळून दिलेला, आणि दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. शर्यत चालू असताना एकट्याला आश्वासन देऊच नये, हे मी तरी यातून घेतो.

सुरंगी (सावंतवाडी)

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. हा विषय माझ्या घरातला आहे.

माझी मुलगी कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती) करते. मिनी मॅक्स या लहान मुलांच्या गटात. कोल्हापूरला सरावाला जायचं तर पहाटे उठून फोंडा घाट चढायचा, शर्यतींना बंगळूरपर्यंतही जावं लागतं. ज्या संघाकडून ती चालवते त्यांच्याकडे तिच्याच गटात आणखी एक मुलगा आहे, चांगला चालवतो, दोघांची मैत्रीही आहे.

मागच्या सीझनमधली एक फायनल. ती दुसरी चालली होती, तो तिसरा. त्याला तिच्याहून फार वेग होता असंही नाही. शेवटच्या काही फेऱ्या राहिल्या असताना कुंपणापाशी संघाच्या मेकॅनिकने बोर्ड धरला. त्यावर तिचा नंबर आणि खाली जाणारा बाण. पहिल्यांदा तिने बघितलं आणि तशीच गेली. पुढच्या फेरीला बोर्ड तोच, शिवाय मेकॅनिक दुसऱ्या हाताने खाली खाली करत होता. तिसऱ्या वेळी तिने मुख्य सरळ रस्त्यावर डावीकडे होऊन त्याला वाट दिली. मी स्टँडमध्ये उभी होते. मला वाटलं इंजिन बिघडलं.

नंतर कळलं की तो मुलगा गुणतक्त्यात वर होता, संघाला त्याचं विजेतेपद हवं होतं. मी समजू शकते. पण हे आम्हाला कोणीही आधी सांगितलेलं नव्हतं, ना मला ना तिला. परत येताना गाडीत तिने हातमोजे मांडीवर सरळ करत मला विचारलं, ‘आई, मी हळू चालले होते का?’ बोर्डचा अर्थ तिने असा घेतला होता की आपण कोणाच्या तरी वाटेत आलोय, आपला वेग कमी पडतोय. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार?

पुढच्या सीझनचा करार समोर आहे. संघ सोडायचा नाही, तिला तिथला मेकॅनिक आवडतो, इंजिन चांगली लावतात. पण सही करण्याआधी मी त्यांना नेमकं काय विचारावं? इथल्या जाणकारांनी सांगावं.

कातळ (राजापूर)

ताई, तुमच्या मुलीचं वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. मी अजूनही म्हणतो की त्या वयात टीम ऑर्डर असूच नये. बॅरिकेलोला निदान पगार मिळत होता, करारात काय आहे ते त्याला माहीत होतं. इथे पैसे तुम्ही भरताय. ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगा.

त्यांनी मान्य केलं नाही, तर एवढं तरी घ्या: ज्याने बोर्ड दाखवायला सांगितलं त्याने शर्यत संपल्यावर स्वतः तिच्यासमोर बसून सांगायचं की तुला का थांबवलं आणि तुझा वेग काय होता. मेकॅनिकवर ढकलायचं नाही.

गिअरबॉक्स (चिपळूण)

ताई, एका कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. खारेवारे काकांनी सांगितलेलं लक्षात ठेवा.

पहिलं म्हणजे सीझनच्या कुठल्या फेरीपर्यंत दोघं मोकळे आहेत. फेरी लिहायची, ‘गरज पडली तर’ असलं काही नाही. त्यानंतर दोघांत किती गुणांचं अंतर असेल तर मागच्याने मदत करायची, तो आकडाही लिहायचा. आणि ते दोन्ही बाजूंनी लागू. तिचे गुण जास्त असतील तर त्या मुलाने वाट द्यायची, हे त्याच्या आईवडिलांसमोर वाचून दाखवायला सांगा. मग कळेल त्यांची तयारी आहे का.

दुसरं, सुरुवात. कार्टिंगमध्ये सगळ्यात जास्त मोडतोड पहिल्या वळणावर. तिथे दोघांनी एकमेकांच्या आत घुसायचं नाही, हे लिहायला हरकत नाही. पण त्या वळणापुरतंच, नाहीतर सेन्ना-प्रॉस्टसारखं होतं, ‘सुरुवात’ कुठे संपते यावरून भांडण.

तिसरं सामान. टायरचे नवे सेट आणि चांगलं इंजिन कोणाला, हे कसं ठरतं ते विचारा. बोर्ड दिसतो तरी. इंजिन कोणाला दिलं ते स्टँडमधून दिसत नाही, आणि खरी टीम ऑर्डर बऱ्याचदा तिथेच असते. चिठ्ठी टाकून वाटा म्हणावं. काही ठिकाणी शर्यतीचे आयोजकच इंजिनं चिठ्ठीने देतात, तर संघात का नको?

खारेवारे (अलिबाग)

आणि बोर्डवर बाण नको. दोघांची नावं एकाखाली एक लिहावीत, ज्या क्रमाने यायचं त्या क्रमाने. १९८१ ला ब्राझीलमध्ये विल्यम्सने ‘जोन्स, रॉयटेमान’ असा बोर्ड दाखवला होता. रॉयटेमानने तो मानला नाही, ती गोष्ट वेगळी, पण बोर्डचा अर्थ त्याला कळला नाही असं कोणी म्हणू शकत नाही. रॉयटेमान त्या वर्षी एका गुणाने हरला आणि शेवटच्या शर्यतीत जोन्सकडून त्याला काही मदत झाली नाही. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. दोन्ही बाजू सांगा.

रापणकर (मालवण)

सुरंगीताई, कागदार सही तुमची आसतली, पण वाचताना पोरीक बाजूक बसवा. गाडी ती चालयता.

सागरतीर (हर्णै)

रापणकरांशी सहमत. गिअरबॉक्सच्या तिसऱ्या मुद्द्यावर तर वेगळा धागा निघेल. २०१६ ला मर्सिडीजने हॅमिल्टन आणि रॉसबर्गचे मेकॅनिक आपसात बदलले होते, तेव्हा हॅमिल्टनला ते किती लागलं होतं ते आठवा. ताई, काय होतं ते कळवा.

सुरंगी (सावंतवाडी)

सगळ्यांचे मनापासून आभार. संघाच्या मालकांना लिहून पाठवलं आणि काल भेट झाली. लेकीला सोबत नेलं होतं.

पहिल्या वळणाचं त्यांनी लगेच मान्य केलं. गुणांचं अंतर लिहायला आधी तयार नव्हते, ‘परिस्थिती बघून’ म्हणत होते. मी त्यांना सीझनअखेरचे ४२३, ४२१ आणि मोंझाचे ते तीन गुण सांगितले. मग त्यांनी स्वतःच कॅलेंडर काढलं आणि सीझनच्या शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत दोघं मोकळे असं लिहिलं. त्यापुढचं अंतर त्या मुलाच्या पालकांशी बोलून घालणार आहेत. बोर्डवर नावं, बाण नाही, हेही मान्य.

इंजिन चिठ्ठीने वाटायला मात्र नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, जो मुलगा इंजिनाचे जास्त पैसे भरतो त्याला तेच इंजिन द्यावं लागतं. हे निदान तोंडावर सांगितलं. त्यावर लेकीने विचारलं की मग सरावाच्या दिवशी तरी मला ते इंजिन एकदा लावून बघायला मिळेल का, म्हणजे मला माझा वेग कळेल. ते तिच्याकडे बघत राहिले आणि हो म्हणाले. तेही कागदात घालून घेतलं आहे. सही अजून केलेली नाही, गुणांचा आकडा आला की करीन.

गिअरबॉक्स, सागरतीर म्हणतात तो इंजिनांचा धागा तुम्हीच काढा. मला त्यात बरंच विचारायचं आहे.